अक्कांच्या टेबलावरचं टर्मिनल: कंट्रोल, ऑल्ट, शिफ्टच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल कारखान्याची डिझाइन खोली. जकार्डचं (विणीत नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं) डिझाइन ज्या मशीनवर होतं त्याला हात लावायचा नाही, हे अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. माझ्याकडे त्याच्या शेजारचा जुना डेस्कटॉप: २ जीबी रॅम, डेबियन लिनक्स, एक्स (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी प्रणाली) आणि एक हलका विंडो मॅनेजर. अक्का त्यावर दोनच कामं करतात. ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप उघडून व्यापाऱ्यांना मराठीत उत्तरं देतात, आणि टर्मिनलमधून (नुसत्या मजकुराच्या खिडकीतून) ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएच करून, म्हणजे दुरून जोडून घेऊन, लूमची यादी भरतात: कुठल्या लूमवर कुठलं डिझाइन, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) किती उरलाय, बाण्याचा (आडव्या धाग्याचा) रंग कोणता. यादीचा प्रोग्राम पायथन आणि कर्सेसमध्ये (टर्मिनलचा पडदा मांडणाऱ्या लायब्ररीत) मीच लिहिलेला आहे.

ब्राउझर मेमरी फस्त करतो, त्याला आवरणं माझ्या हातात नाही. म्हणून आधीचं जड टर्मिनल काढून सकलेस या आटोपशीर प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींचं एसटी बसवलं. (सोलापुरात एसटी म्हटलं की लोक स्टँडकडे बघतात, त्यामुळे इथून पुढे नुसतं ‘टर्मिनल’.) सी भाषेतला छोटा प्रोग्राम. मेनू नाही, सेटिंगची खिडकी नाही. काही बदलायचं तर कॉन्फिग.एच उघडायची, बदल करायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. उघडतं मात्र चुटकीसरशी. अण्णा खूश.

अक्का खूश नाहीत. त्यांच्या तक्रारी जशा सांगितल्या तशा उतरवतो. ऑल्ट+बीने एक शब्द मागे जायला हवं, ते कधी जातं, कधी मध्येच ‘व’ उमटतो. कंट्रोल+डावा बाण कधी शब्दभर सरकतो, कधी एकच अक्षर. कंट्रोल+बॅकस्पेसने अख्खा शब्द जात नाही. शिफ्ट+एन्टर आणि साधा एन्टर यात फरकच नाही. शेलमध्ये (जिथे आज्ञा टाइप करतात तिथे) डिलीट चालत नाही.

शेवटच्या तीन तक्रारी ठीक आहेत, त्या रोज तशाच दिसतात. पहिल्या दोन ‘कधी-कधी’वाल्या आहेत. तिथे कसली तरी स्थिती बदलतेय आणि ती कोणाच्या नजरेला पडत नाहीये.

७ जानेवारी

आज कोडला हात लावला नाही. बटण दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत कोण कोण मध्ये आहे ते कागदावर काढलं.

कर्नल बटणाचा नंबर देतो. एक्स सर्व्हर त्या नंबराला लेआउट (कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ती मांडणी) लावून कीसिम ठरवतो, म्हणजे ‘हे बी आहे’ किंवा ‘हा डावा बाण आहे’, आणि सोबत कुठले मॉडिफायर (शिफ्ट, कंट्रोल, ऑल्टसारखी जोडीची बटणं) दाबलेले होते त्याचा आकडा देतो. टर्मिनल या दोन्हींवरून काही बाइट बनवतं. ते बाइट टीमक्समधून (टर्मिनलच्या आत अनेक खिडक्या देणाऱ्या प्रोग्राममधून), एसएसएचमधून पलीकडच्या प्रोग्रामकडे जातात. पलीकडच्याला कीबोर्ड दिसत नाही, फक्त बाइट दिसतात. म्हणून मॉडिफायर जर बाइटांत उतरला नाही तर तो पुढे कुणालाच परत मिळवता येत नाही.

आणि बाइटांत जागा मुळातच कमी. आस्की या जुन्या अक्षर-संकेतात कंट्रोल म्हणजे अक्षराचे वरचे बिट पुसून खालचे पाच ठेवणं. त्यामुळे कंट्रोल+आय म्हणजे ९, तेच टॅब. कंट्रोल+एम म्हणजे १३, तेच एन्टर. कंट्रोल+एच म्हणजे ८, तेच जुनं बॅकस्पेस. कंट्रोल आणि डावा चौकटी कंस म्हणजे २७, तेच एस्केप. ऑल्टला स्वतःचा बाइटच नाही, म्हणून आधी एस्केप पाठवून मागून अक्षर पाठवायचं अशी रीत पडली. शिफ्ट+एन्टरसाठी तर काहीच ठरलेलं नव्हतं. अक्कांना दोन एन्टर सारखे वाटतात कारण बाइटांच्या दृष्टीने ते खरोखरच सारखे आहेत.

एक्सकडून येणाऱ्या मॉडिफायरच्या आकड्यात आठ बिट मॉडिफायरचे: शिफ्ट १, लॉक २, कंट्रोल ४, मग मॉड१ ते मॉड५ म्हणजे ८, १६, ३२, ६४, १२८. अक्कांना हे एका वाक्यात समजलं, कारण जकार्डच्या पत्त्यावर जिथे भोक तिथला हुक उचलला जातो हे त्या वर्षानुवर्षं बघतायत. एक्समॉडमॅप चालवून आमच्या मशीनवर कोण कुठे बसलंय ते पाहिलं. मॉड१ ऑल्ट, मॉड२ नमलॉक, मॉड४ विंडोजचं बटण, मॉड५ तिसऱ्या पातळीचं शिफ्ट. नेहमीचीच मांडणी.

बाणांसाठी मात्र एक्सटर्म या जुन्या टर्मिनलने घालून दिलेला हिशेब वेगळा आहे, तो शेजारीच लिहून ठेवतो नाहीतर गल्लत होते. तिथे शिफ्ट १, ऑल्ट २, कंट्रोल ४, आणि एकूण बेरजेत १ मिळवायचा. म्हणून कंट्रोल+डावा बाण म्हणजे एस्केप, चौकटी कंस, १;५, डी. ऑल्टला ३, शिफ्टला २, कंट्रोल+शिफ्टला ६. कंट्रोल दोन्हीकडे ४च आहे, पण ऑल्ट एक्समध्ये ८ आणि इथे २.

८ जानेवारी

टीमक्सच्या बाहेर, एसएसएचच्याही बाहेर, नुसत्या टर्मिनलमध्ये, येणारे बाइट दाखवणारं कॅट -व्ही लावून बसलो. मधले हात जितके कमी तितकं बरं.

माझ्या लॅपटॉपवर तेच टर्मिनल: कंट्रोल+डावा बाण दाबला, ^[[१;५डी आलं (^[ म्हणजे एस्केप). बरोबर. अक्कांच्या टेबलावर: ^[[डी. कंट्रोल गायब. मग त्यांच्याच मशीनवर, एक्सकडून काय येतं ते दाखवणारं एक्स-ईव्ही लावलं. (पहिल्यांदा वापरणाऱ्यासाठी: त्यात दिसणारी स्थिती बटण दाबायच्या आधीची असते. कंट्रोल दाबलं त्या ओळीत कंट्रोल दिसणार नाही, त्यानंतरच्या बाणाच्या ओळीत दिसेल.) बाणाच्या ओळीत स्थिती ०x१६, हा सोळाच्या पायातला आकडा, आपल्या हिशेबात २२. म्हणजे १६ नमलॉक, ४ कंट्रोल, आणि २? २ म्हणजे लॉक. कीबोर्डकडे पाहिलं तर कॅप्स लॉकचा दिवा लागलेला.

लागलेलाच असणार. लॉट नंबर आणि डिझाइनचे कोड सगळे मोठ्या लिपीत टाकायचे असतात. अक्का सकाळी आल्या आल्या कॅप्स लावतात आणि जाताना काढतात, व्हॉट्सॲपच्या वेळी मध्येच काढतात. ‘कधी-कधी’चं एक टोक इथे सापडलं.

आता कोड. टर्मिनलच्या कॉन्फिग.एचमध्ये बटणांचं लांबलचक कोष्टक आहे: कीसिम, मॉडिफायर, पाठवायचे बाइट. तुलना अगदी काटेकोर. आलेल्या स्थितीतून ‘इग्नोरमॉड’मधले बिट काढायचे आणि उरलेला आकडा कोष्टकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवा. इग्नोरमॉडमध्ये मूळचे दोनच: मॉड२, म्हणजे नमलॉक, आणि लेआउट बदलल्याचा बिट. लॉक त्यात नाही. कंट्रोल ४, आलंय ६, जुळत नाही. मग शोध पुढे सरकतो आणि बाणाच्या शेवटच्या ‘कुठलाही मॉडिफायर चालेल’ या ओळीवर जाऊन थांबतो, आणि साधा बाण पाठवला जातो.

दुरुस्ती एका शब्दाची: इग्नोरमॉडमध्ये लॉकमास्क मिळवला. कंपाइल, चालू. मोठी अक्षरं यामुळे लहान होत नाहीत, कारण अक्षरं कोष्टकातून जातच नाहीत, ती एक्सच्या लायब्ररीकडून तयार होऊन येतात. कॅप्स चालू असताना ऑल्ट+बी म्हणजे एस्केप आणि मोठा बी जातो, पण बॅश या शेलमध्ये टाइप केलेली ओळ सांभाळणाऱ्या रीडलाइनला ते आधीच शिकवलेलं आहे. मोठं अक्षर आलं तर तो लहान अक्षराचंच काम करतो.

मूळ लेखकांनी लॉक का वगळला असेल? माझा अंदाज, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी कॅप्स लॉकचं कंट्रोल करून टाकलेलं असतं, त्यांना तो दिवा लागलेला कधी दिसतच नसेल.

९ जानेवारी

दुपारपर्यंत लाईट नव्हती. संध्याकाळी तेवढं डिलीटचं उरकलं.

हे टर्मिनल डिलीटसाठी दोन वेगळे बाइट पाठवतं. कीपॅड ॲप्लिकेशन मोडमध्ये असेल तर एस्केप, चौकटी कंस, ३, टिल्ड. नसेल तर एस्केप, चौकटी कंस, पी. टर्मइन्फोत (कुठलं टर्मिनल कुठले बाइट पाठवतं त्याच्या नोंदीत) पहिलं आहे. कर्सेसचा प्रोग्राम कीपॅड चालू करतो तेव्हा तो मोड आपोआप लागतो, म्हणून यादीत डिलीट चालतं. बॅश तो मोड स्वतःहून लावत नाही, म्हणून शेलमध्ये चालत नाही. इनपुटआरसी फाइलमध्ये ‘सेट एनेबल-कीपॅड ऑन’ ही ओळ घातली, झालं. बरेच जण कोष्टकच बदलतात. मी नाही बदललं. कोष्टक आणि टर्मइन्फो एकमेकांशी जुळलेले आहेत, तिथे एकतर्फी हात घातला तर पुढच्या वर्षी मलाच आठवणार नाही.

१० जानेवारी

आज ‘व’चा दिवस.

“अरे, मी व टाइप केलाच नाही की!” अक्कांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी ऑल्ट+बी दाबलं होतं. पण त्याआधी व्हॉट्सॲपवर मराठीत उत्तर लिहिलं होतं आणि लेआउट इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच राहिला होता. एक्समध्ये लेआउट सगळ्या खिडक्यांना मिळून एकच असतो. इनस्क्रिप्टमध्ये बीच्या जागी व आहे.

एक्स-ईव्हीत कीसिम ०x१०००९३५ दिसतो, म्हणजे युनिकोडमधला ०९३५, व. स्थिती ०x२०१८. त्यातले खालचे १८ म्हणजे आपले २४: १६ नमलॉक, ८ ऑल्ट, आणि वरचा २००० म्हणजे तेरावा बिट, ‘दुसरा लेआउट चालू आहे’. या बिटासाठीच इग्नोरमॉडमध्ये तो दुसरा शब्द आहे. तो नसता तर मराठी लेआउट असताना एकही मॉडिफायरवाला बाण चालला नसता.

मग अक्कांनी मराठी लेआउटवर कंट्रोल+सी दाबून दाखवलं, ते व्यवस्थित चाललं. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या जागी म आहे, मग कंट्रोल+म कसं काय चाललं? ही एक्सच्या लायब्ररीची मेहेरबानी. कंट्रोल दाबलेलं असेल आणि अक्षर आस्कीतलं नसेल, तर ती बाकीच्या लेआउटमध्ये शोधून ज्या अक्षराचं कंट्रोल-अक्षर बनतं ते उचलते. एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडकडची एक्सकेबीकॉमन लायब्ररीही हेच करते. रशियन, ग्रीक, मराठी, सगळ्यांचं कंट्रोल+सी यावर चालतं. पण ही सोय कंट्रोलपुरतीच. ऑल्टला असं काही नाही.

आता टर्मिनलचा कोड. अक्षर तयार होऊन आलं, त्याची लांबी एक बाइट असेल आणि ऑल्ट दाबलेलं असेल, तर पुढे एस्केप लावायचा. ‘लांबी एक बाइट असेल’ ही अट तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. देवनागरी अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं. व म्हणजे ई०, ए४, बी५. लांबी तीन, अट नापास, एस्केप लागत नाही, ऑल्ट तिथल्या तिथे गळून पडतं आणि नुसता व पुढे जातो. ऑल्ट+एफ दाबलं तर वेलांटी जाते.

पहिला विचार आला की अट सैल करावी, लांबी कितीही असली तरी एस्केप लावावा. पण मग शेलकडे एस्केप आणि व जाणार. ऑल्ट+व ला कुठल्याही प्रोग्रामने काही काम दिलेलं नाही. अक्कांना हवंय ते त्या बटणाचं रोमन अक्षर.

म्हणून कंट्रोलला लायब्ररी जे देते तेच ऑल्टला हाताने दिलं. बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एस्केप लावायच्या ओळींच्या अगदी आधी: ऑल्ट दाबलेलं आहे आणि कीसिम युनिकोडवाल्या पट्ट्यातला, म्हणजे ०x१००००००च्या वरचा आहे, तर त्याच बटणाच्या नंबरासाठी पहिल्या लेआउटमधला कीसिम विचारायचा. शिफ्ट असेल तर दुसरी पातळी, नसेल तर पहिली. उत्तर छापता येणाऱ्या आस्कीतलं असेल तर बफरमध्ये तेवढं एक अक्षर ठेवायचं आणि लांबी एक करायची. पुढचा जुना कोड मग आपणहून एस्केप लावतो. यासाठी लागणारी एक्सकेबीची हेडर फाइल आधीच घेतलेली आहे, घंटी वाजवायला. सहा-सात ओळींचा मामला.

यात एक गृहीत आहे ते लिहून ठेवतो: पहिला लेआउट अमेरिकन इंग्रजी, दुसरा भारतीय. कुणी क्रम उलटा लावला तर ऑल्ट पुन्हा मराठीतच बोलेल.

उजवं ऑल्ट मुद्दाम सोडलं. मराठी लेआउटवर ते तिसऱ्या पातळीचं शिफ्ट होतं, म्हणजे मॉड५, आणि अक्का त्याच्यासोबत ४ दाबून ₹ काढतात. ते मोडलं असतं तर मला खोलीत पाऊल टाकू दिलं नसतं.

राहिला एक प्रश्न. लेआउट बदलल्याचं त्यांच्या लक्षात का येत नाही? आमच्याकडे लेआउट बदलायला ऑल्ट+शिफ्ट होतं. जे बटण सारखं कामात येतं तेच लेआउट बदलायला ठेवायचं, ही पद्धत मला कधीच पटली नाही. आता ते स्क्रोल लॉकवर नेलं. त्यासाठीचा पर्याय सेटएक्सकेबीमॅपमध्ये तयार आहे, आणि दुसरा लेआउट चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा लावायचाही आहे. आता दिवा म्हणजे मराठी. ते बटण कुणी कधी वापरलंय?

११ जानेवारी

दुपारी अण्णा डोकावले. “मग आता व्यापाऱ्यांची नावं यादीत मराठीत टाकता येतील की.”

नाही येणार. हे टर्मिनल एका चौकटीत एक युनिकोड अक्षर ठेवतं, जोडाक्षरं बनवत नाही. त्यात उकार, एकार, अनुस्वार, हलन्त यांची रुंदी शून्य धरली जाते, त्यामुळे कर्सर पुढे जात नाही आणि पुढचं अक्षर त्यांच्यावरच येऊन बसतं. काना आणि वेलांटी वाचतात कारण त्यांची रुंदी एक धरलेली आहे. ‘तुळजापूर’ लिहून दाखवलं. पडद्यावर ‘तळजापर’. अण्णा हसले आणि गेले. नावं रोमनमध्येच राहतील. मराठी दाखवायचं तर टर्मिनलच दुसरं घ्यावं लागेल, आणि तो विषय या वहीचा नाही.

१२ जानेवारी

कंट्रोल+बॅकस्पेस. हे टर्मिनल साध्या बॅकस्पेसला १२७ पाठवतं, ऑल्टसोबत एस्केप आणि १२७. कंट्रोलसाठी कोष्टकात ओळच नाही, म्हणून लायब्ररीकडून ८ येतो, म्हणजे कंट्रोल+एच, म्हणजे एक अक्षर पुसा. नवी ओळ घातली: बॅकस्पेस, कंट्रोल, एस्केप आणि १२७. रीडलाइनमध्ये त्याचा अर्थ मागचा शब्द पुसा. संपलं.

शिफ्ट+एन्टर. इथे ठरवावं लागलं. जुन्या बाइटांत जागा नाही, तेव्हा नवी मांडणी हवी. एक एक्सटर्मची: एस्केप, चौकटी कंस, २७, मॉडिफायर, अक्षराचा नंबर, शेवटी टिल्ड. दुसरी आटोपशीर, तिला सीएसआय-यू म्हणतात: अक्षराचा नंबर, मॉडिफायर, शेवटी यू. पॉल इव्हान्स यांनी ती मांडली आणि निओव्हिम या एडिटरसारख्या प्रोग्रामांना ती कळते. एन्टर १३, शिफ्ट २, म्हणून एस्केप, चौकटी कंस, १३;२, यू. यादीच्या प्रोग्राममध्ये हे बाइट ओळखायला मी चार ओळी घातल्या. आता शिफ्ट+एन्टरने शेऱ्यात नवी ओळ येते, साध्या एन्टरने नोंद जाते. अक्कांना दिवसभरात सगळ्यात जास्त हेच लागत होतं.

कोष्टकात दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. एक, शोध वरून खाली चालतो आणि पहिली जुळणारी ओळ लागते. एन्टरची ‘कुठलाही मॉडिफायर’वाली ओळ वर राहिली तर खालची शिफ्टची ओळ कधीच लागणार नाही. ती सूचना फाइलमध्येच इंग्रजीत लिहिलेली आहे. दुसरी जास्त छुपी: कोष्टक मुळात फक्त एक्सच्या फंक्शन बटणांसाठी आहे, ज्यांचे कीसिम एफडी०० ते एफएफएफएफ या पट्ट्यात येतात. बाण, एन्टर, बॅकस्पेस, एफ१ सगळे त्यात आहेत. स्पेस किंवा आय हे साधं अक्षर त्यात नाही. कंट्रोल+स्पेससाठी ओळ लिहिली तरी टर्मिनल तिच्याकडे बघतही नाही आणि कुरकुरही करत नाही, जोवर तोच कीसिम वरच्या ‘मॅप्डकीज’ नावाच्या छोट्या यादीत घातलेला नाही.

सकलेसच्या संग्रहात या सगळ्यासाठी तयार पॅचही (मूळ कोडवर लावायच्या बदलांची फाइल) आहे, जवळपास प्रत्येक बटणाला सीएसआय-यूची ओळ देणारा. उघडून पाहिला. कोष्टक इतकं फुगतं की मला हव्या त्या दोन ओळी शोधायला वेळ लागला. त्या दोन घेतल्या, बाकी तिथेच.

शिफ्ट+एफ१ला काहीच करावं लागलं नाही. टर्मिनल १;२, पी पाठवतं, टर्मइन्फो त्याला एफ१३ म्हणतो, आणि कर्सेसमध्ये ते एफ१३ म्हणूनच येतं. कंट्रोल+एफ१ म्हणजे एफ२५. लूमच्या बारा शेड शिफ्टसकट एफ-बटणांवर लावल्या.

१४ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेची सुटी.

संध्याकाळी गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, जुना मित्र भेटला, पुण्यात नोकरीला आहे. होम मैदानावर धुळीत उभं राहून ऑल्टची कथा ऐकली आणि म्हणाला, “काय बे, किटी टाक की सरळ! हे सगळं त्यात आहे.”

आहे, हे खरं. किटी टर्मिनलने कीबोर्डसाठी जो प्रोटोकॉल आणलाय तो मला आवडतो. प्रोग्राम सुरू होताना टर्मिनलला सांगतो की मला बटणं सविस्तर कळव, संपताना ते मागे घेतो. त्यामुळे ज्याला नको त्याच्यावर काही लादलं जात नाही. त्यात एक पातळी अशीही आहे की चालू लेआउटच्या अक्षरासोबत, साध्या इंग्रजी कीबोर्डवर त्या जागी कुठलं अक्षर असतं तेही कळवलं जातं. म्हणजे आमच्या ‘व’च्या प्रश्नाचा विचार तिथे आधीच झालेला आहे, आणि माझ्या सहा-सात ओळींपेक्षा तो जास्त नेटका आहे.

पण किटी ओपनजीएलवर, म्हणजे ग्राफिक्सच्या जोरावर, चालतं आणि अक्कांच्या मशीनचं ग्राफिक्स काय लायकीचं आहे ते मला माहीत आहे. फूट नावाचं हलकं टर्मिनलही हा प्रोटोकॉल बोलतं, त्याला वेलँड लागतं, आणि इथे एक्स आहे. शिवाय प्रोटोकॉल कामाला येतो तो समोरचा प्रोग्राम मागेल तेव्हा. बॅशमध्ये ऑल्ट+बी चालायला हवं, एवढ्यासाठी तो लागत नाही. मित्राला पटलं नाही. भजी पटली.

१६ जानेवारी

टीमक्स. बाहेर सगळं चालतं, आत शिफ्ट+एन्टर पुन्हा साधा एन्टर.

टीमक्स बटणं सरळ पुढे ढकलत नाही. तो बाहेरच्या टर्मिनलचे बाइट वाचतो, बटण ओळखतो आणि आतल्या प्रोग्रामला स्वतःच्या पद्धतीने नव्याने पाठवतो. ३.२ पासून त्यात ‘एक्सटेंडेड-कीज’ हा पर्याय आहे. ‘ऑन’ ठेवला तर आतल्या प्रोग्रामने मागितल्यावरच देतो, ‘ऑलवेज’ ठेवला तर न मागता. माझा प्रोग्राम मागत नाही, म्हणून ‘ऑलवेज’. टर्मिनलच्या नावापुढे हे वैशिष्ट्य आहे असंही सांगावं लागलं.

त्याच बैठकीत एस्केपचा उशीर काढला. अक्का एस्केप दाबून वाट बघत बसायच्या, आणि मला वाटायचं सर्व्हर मंद आहे. ऑल्ट म्हणजे एस्केप आणि अक्षर, त्यामुळे एकटा एस्केप आला की टीमक्सला थांबून बघावं लागतं, मागून अक्षर येतंय का. आमच्या आवृत्तीत तो ५०० मिलिसेकंद थांबतो. २० केलं. सर्व्हर त्याच कंपाउंडमध्ये आहे, तारेवर, त्यामुळे एस्केप आणि अक्षर यांची ताटातूट होत नाही. मोबाइलच्या नेटवरून काम करणाऱ्याने इतकं कमी करू नये, नाहीतर ऑल्ट+बीचे दोन तुकडे होऊन पोचतील.

१८ जानेवारी

सर्व्हरवर या टर्मिनलची टर्मइन्फो नव्हती, त्यामुळे मी टर्मचं नाव एक्सटर्म करून काम भागवत होतो. आज टर्मिनलसोबतची फाइल तिकडे नेऊन टिक (टर्मइन्फोची नोंद बसवणारी आज्ञा) चालवलं आणि ती पळवाट काढून टाकली.

कंट्रोल+आय आणि टॅब वेगळे करावेत का, यावर थोडा वेळ गेला. मॅप्डकीजमध्ये आय घालून १०५;५, यू पाठवता येतं. निओव्हिममध्ये मला ते हवंही आहे, तिथे कंट्रोल+आय पुढच्या जागी उडी मारतं. पण हे टर्मिनल न मागता सगळ्यांना तेच पाठवणार, आणि ज्या प्रोग्रामला सीएसआय-यू कळत नाही तिथे टॅबऐवजी कचरा उमटेल. अक्कांच्या मशीनवर नको. माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत घातलं.

२१ जानेवारी

सगळे बदल एका पॅच फाइलमध्ये काढून ठेवले: लॉकमास्क, ऑल्टच्या ओळी, बॅकस्पेस, एन्टर. टर्मिनलची नवी आवृत्ती आली तर कॉन्फिग.डेफ.एचशी ताडून पाहायचं, कारण जुनी कॉन्फिग.एच तशीच पडून राहते आणि नव्या कोष्टकातल्या सुधारणा तिच्यात आपोआप येत नाहीत.

अण्णांनी त्यांच्या लॅपटॉपवरही हेच मागितलं. बसवलं. तिथे शिफ्ट+एफ२ दाबलं की आवाज कमी होतो. त्या लॅपटॉपवर एफएन बटण फर्मवेअरमध्येच संपतं, एक्सला ते कळतही नाही, तेव्हा टर्मिनलमध्ये काही करून उपयोग नाही. बायोसमध्ये जाऊन वरच्या रांगेचं मूळ काम एफ१ ते एफ१२ असं केलं. आवाज कमी-जास्त करायला आता अण्णांना एफएन धरावं लागतं, आणि त्यावर त्यांचं काय म्हणणं आहे ते उद्या कळेल.